दोन पोत्यांची जागा

"ही नको, अक्का. सुती आहे, ओली झाली की कुजेल." तवमलरनं मांडीवरची साडी बाजूला सारली. "नायलॉनची नाही का एखादी?"

राजम्मा अक्का हसली. "बघा हो नखरे! पूर्वी लग्नाच्या चोळ्यांना होते, आता वाळूच्या पोत्यांनाही. हीच शिव गं. कुजेपर्यंत आपण थोडेच इथं राहणार आहोत?"

अक्कानं साडी परत तिच्या मांडीवर टाकली. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. मधल्या वाळूवर ताडपत्रीला ताडपत्री चिकटलेली. मागं सरकायला आता जागाच नव्हती.

वन्नी मुलखातल्या अर्ध्याअधिक नवऱ्यामुलींच्या चोळ्या तवमलरनं शिवल्या होत्या. लढाई जवळ आली तसं गाव सुटलं, मग पुढचं गाव सुटलं. दर वेळी काहीतरी मागं राहिलं, पण हातमशीन तिनं सोडलं नाही. आता त्याच बायका त्याच साड्या घेऊन तिच्याकडे येत. साडी दुमडायची, दुहेरी टीप मारायची, वाळू भरून तोंड आवळायचं. दारादारातले खंदक हिरवे-जांभळे-मोरपंखी दिसत; लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जत्रा भरलीय.

तिच्या स्वतःच्या खंदकाच्या तोंडाशी मात्र दोन पोत्यांची जागा उघडी होती. साड्या संपल्या होत्या. पत्र्याच्या पेटीत एकच उरली होती, लग्नातली लाल कूरै. नवरा जिवंत असताना कूरैला कात्री लावायची नाही, असं आई बजावायची. तिचा जीवकन पोंगलनंतर तांदूळ आणायला गेला, तो परतला नव्हता. जिवंत आहे असंही कुणी सांगितलं नव्हतं, नाही असंही नाही.

तिची नजर पेटीकडे गेलेली अक्कानं पाहिली.

"राहू दे ती," अक्का म्हणाली. "या वाळवंटात एखादं तरी लग्न शिल्लक असू दे."

"पण ती जागा, अक्का? माझी कयल तिथंच जाऊन बसते. तिला उजेड लागतो."

"तिथं मी बसते. माझी पाठ दोन पोत्यांएवढी आहे, मोजून बघ. नवरा हेच म्हणायचा आणि हसायचा मेला."

तवमलरही हसली. हसता हसता तिचा पाय धाग्याच्या रिळावर पडला, रीळ घरंगळत गेलं आणि कयल ते पकडायला धावली. धावता धावता मधेच थांबली. तीन वर्षांची पोर. जाणारा गोळा कोणता आणि येणारा कोणता, हे तिला आवाजावरून कळे.

"अम्मा, येतोय."

तिघी खंदकात घुसल्या. अक्का सगळ्यांत शेवटी उतरली आणि उजेडाकडे पाठ करून बसली. खंदक अंधारला. वाळू दाढांखाली करकरू लागली. कयलचं डोकं पोटाशी दाबून तवमलर आवाज ऐकत राहिली. लांब. जवळ. आणखी जवळ. मग कानांत नुसतीच शिट्टी.

"अक्का, थांबलं वाटतं."

अक्का तशीच बसलेली होती. फक्त मान पुढं झुकली होती, एखादीला बसल्या बसल्या डुलकी लागावी तशी.

दुपारी शेजारची पूमणी आली. "अक्काला गुंडाळायला काही आहे का गं?"

पांघरूण नव्हतं. चादरींची पोती कधीच झाली होती. तवमलरनं पेटी उघडली.

"अगं, विधवेला कूरै?" पूमणी पुटपुटली.

तवमलरनं साडी मधोमध धरली, कात्री उघडली, क्षणभर तशीच धरून ठेवली. मग एका दमात कापत गेली. अर्धी साडी पूमणीच्या हातात दिली. उरलेली अर्धी दुमडून मशीनखाली सरकवली. जाड जर सुईला जुमानेना, तेव्हा तिनं चाक हळूहळू हातानं ढकललं.

ऊन कलायच्या आत तोंडाशी दोन लाल पोती बसली. जरीचा काठ तिनं मुद्दाम आतल्या अंगाला ठेवला होता. वरच्या फटीतून येणारी तिरीप त्याच्यावर पडली होती. कयल त्यावरून बोट फिरवत म्हणाली,

"अम्मा, अक्काची पाठ मऊ होती."