दहापैकी चार

दीपमालाला राग आला की ती भांडी घासायला घेते. त्या दिवशी तिनं घासून ठेवलेलीच भांडी पुन्हा मोरीत ओतली, तेव्हा घरच्यांनी ओळखलं, आज काही खरं नाही.

झालं होतं ते असं. तिच्या यशराजचं लग्न वाईच्या ओवीशी ठरलं होतं. यशराजचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप, ओवी सांगलीत बँकेत. पोरांनी आपापलं जमवलं, थोरांनी चार दिवस आढेवेढे घेतले आणि सुपारी फुटली. आता बस्ता बांधायचा होता. लग्नाचे कपडे दोन्हीकडच्यांनी एकाच दुकानात, एकाच गादीवर बसून घ्यायचे आणि त्याचं बोलावणं नवऱ्यामुलाच्या आईनं स्वतः करायचं, ही त्या घरची रीत. तिच्या सासूनं ते दारोदार फिरून केलं होतं. दीपमालानं ते लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करायचं ठरवलं, कारण तिथं दोन्हीकडची झाडून सगळी माणसं होती. देवापुढं नारळ ठेवला, हात पुसले आणि एका बोटानं लिहायला बसली. शाळा सहावीतच सुटलेली. फोनवर मराठी लिहायला तिला ओवीनंच शिकवलं होतं. "काकू, बोलता तसंच लिहायचं," असं ती पोरगी म्हणाली होती. मग दीपमाला बोलते तसंच लिहीत गेली.

"समद्यांना नमस्कार गुरवारी कराडला बस्ता बांदायला जायाचं हाय उमाताई तुमी सर आन तुमची समदी मानसं लवकर या जेवान मी आननार हाय कुनाला तिकट चालत न्हाई तेवडं सांगा"

पाठवलं आणि नवऱ्याला, लालासाहेबांना, दाखवून आली. फौजेतनं रिटायर झालेला तो गडी बायकोकडं बघून खुदकन हसला. "लय भारी लिवलंयस," म्हणाला.

तासाभरात उत्तर आलं. ओवीचे वडील विष्णुपंत, वाईतले निवृत्त मराठीचे शिक्षक. त्यांनी काय करावं? तिच्याच निरोपाचा फोटो काढला, त्यावर बोटानं लाल गोल मारले, जागोजाग फुल्या घातल्या आणि ग्रुपवर सगळ्यांदेखत परत पाठवला. खाली लिहिलं, "दीपमालाताई, भावना उत्तम. परंतु विरामचिन्हे शून्य, शुद्धलेखन कच्चे. दहापैकी चार. लोभ असावा."

अहो, लोभ कसला असावा! त्यांच्या पुतण्यानं खाली हसणारी तोंडं टाकली. मग दीपमालाच्या सख्ख्या जावेनंही टाकली, आणि ते तिला जास्त झोंबलं. येतो म्हणून एकानंही लिहिलं नाही. तिखटाचं तर कुणी वाचलंसुद्धा नव्हतं.

लालासाहेब तांबडेलाल झाले. "सोयरीक ग्येली खड्ड्यात. आत्ता लिवतो ग्रुपवर."

"तुमी काय बी लिवू नगा," दीपमाला मोरीतनंच कडाडली. "पेपर माजा तपासलाय. निकाल मी लावनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साताऱ्याची एसटी धरून, तिथनं गाडी बदलून एकटीच वाईला गेली. वाटेत तिनं मनातल्या मनात त्या मास्तराला शंभरदा झोडपलं. ओवीसाठी जीव तुटत होता, नाही असं नाही. पण ज्या घरात बोलावण्याला मार्क देतात त्या घराशी जन्माचं नातं जोडायचं कसं?

दार उमानं, ओवीच्या आईनं उघडलं. विहिणीला पाहून तिचा चेहरा उतरला. आत विष्णुपंत पेपर वाचत होते, हातात लाल पेन. छापील पेपरातल्याही चुका काढत होते.

"या, या, विहीणबाई," ते प्रसन्नपणे म्हणाले. त्यांना काही झाल्याचा पत्ताच नव्हता.

"सर, मी बोलावनं केलं हुतं," दीपमाला उभ्यानंच म्हणाली. "परीक्षा दिली नव्हती."

"अहो, मी आपल्या माणसांच्याच चुका काढतो. परक्यांच्या कशाला काढू? ओवीलाही असंच घडवलं. हे बघा." त्यांनी अभिमानानं फोन तिच्यापुढं धरला. "माझ्या मुलीचे निरोप. इतक्या महिन्यांत एक चूक दाखवा!"

दीपमालानं वाचलं. पोहोचले. हो. ठीक आहे. जेवण झाले. बरी आहे. ठीक आहे. बोटानं वर वर सरकवत गेली, तरी तेच.

"चुका न्हाईत, खरं हाय," ती म्हणाली. "पर ह्यात तुमची पोरगी कुटं हाय वो? मला तर पानभर लिवती. काय खाल्लं, सायेब काय बोलला, कशाचं रडू आलं."

विष्णुपंतांचा चेहरा पडला. "तिला उगाच पाल्हाळ आवडत नाही."

"पाल्हाळ!" आजवर गप्प बसलेली उमा एकदम उसळली. "गेल्या गणपतीत पोरगी सांगलीत तापानं फणफणली होती. घाबरून तुम्हालाच लिहिलं तिनं. तुम्ही तिच्या वाक्यात स्वल्पविराम घातलेत आणि परत पाठवलंत. आठवतंय? त्यानंतर तिनं तुम्हाला धड एक वाक्य लिहिलेलं नाही. मेलं ते तुमचं शुद्धलेखन!"

विष्णुपंतांना स्वल्पविराम आठवत होते. ताप आठवत नव्हता. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, फोन ओढून घेतला आणि लिहिलं, "ओवी, बाळा, कशी आहेस?" दोन्ही बायकांनी ते वाचलं. उत्तर लगेच आलं.

"ठीक आहे."

आणखी काही येतंय का म्हणून त्यांनी बोटानं पडदा वर ओढला. तेवढ्यात उमाचा फोन वाजला. तिनं वाचलं, ओठ आवळले आणि फोन दीपमालाच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा, विहीणबाई. मोठ्यानं वाचा."

दीपमालानं खणखणीत आवाजात, अडखळत, एका दमात वाचलं.

"आई बाबांना काय झालंय त्यांनी मला कशी आहेस विचारलं खरं सांग दवाखान्यात आहात का मी निघू का"

विष्णुपंतांनी हात पुढं केला. "द्या," म्हणाले.

दीपमालानं फोन दिला नाही. "वाचून झालंय. आता आदी तिला फोन लावा. बस्त्याचं मग बगू."

त्यांनी नंबर लावला. पहिल्याच रिंगला पलीकडनं "बाबा?" असा घाबरा आवाज आला. जन्मभर शुद्ध बोललेल्या त्या माणसाला एक शब्द सुचेना.

"आवं, बोला की!" दीपमाला ओरडली. "कसं बी बोला!"