जॅस्परचे शेवटचे शब्द

टायबर्नला फाशीचा दिवस म्हणजे जत्राच. माणूस लटकायच्या आधीच त्याच्या ‘शेवटच्या शब्दां’चे कागद छापून तयार असत. वीस वर्षं ते विकण्याचा पहिला मान डॉर्कस पिमचा. फाशीच्या खांबाला लागून तिची जागा. मग उन्हाळ्यात सुझन कीबल आली. छापखाना तोच, कागद तेच, आवाज मात्र घंटेसारखा. गिऱ्हाइकं डॉर्कसला ओलांडून तिच्याकडे जाऊ लागली, जागाही तिनेच बळकावली. डॉर्कसच्या पोटात मत्सराचा निखारा पडला.

त्या सोमवारी तिने शक्कल लढवली, स्वतःपुरता वेगळा मजकूर छापून घेतला. कैद्याची गाडी वाटेत गुत्त्यापाशी थांबते, त्याला शेवटची बिअर मिळते. तिथेच तिने वाटमाऱ्या जॅस्पर थॉर्नच्या हातात कागद कोंबला.

“बाबा रे, खांबाखाली हेच बोल. म्हणजे लोक म्हणतील, डॉर्कसचा कागद खरा!”

“मला कुठे वाचता येतंय? तूच वाच.”

तिने सुरुवात केली. गर्दीतून कुणी ओरडलं, “मावशे, घशात कावळा बसलाय काय?” सगळे खिदळले.

जॅस्परही हसला. गर्दीत कागद विकत फिरणाऱ्या सुझनकडे बोट दाखवून म्हणाला, “त्या पोरीला बोलवा. माझंच मरण आहे, नीट ऐकू तरी द्या.”

डॉर्कसच्या हातातला कागद सुझनने घेतला आणि वाचू लागली. “...माझ्या म्हाताऱ्या आईला सांभाळा हो...”

“आई तर मला जन्म देतानाच गेली,” जॅस्पर हळूच म्हणाला. “पण छान लिहिलंय. पुन्हा वाच ना तेवढं.”

सुझनने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. कागद तिथेच टाकून, डोळ्यांना बाही लावून ती घराकडे धावत सुटली. 

गाडी टायबर्नला पोचली, तेव्हा खांबाजवळची जागा रिकामी होती. डॉर्कस तिथे उभी राहिली. जॅस्परने गर्दीकडे पाहिलं, मोठ्याने म्हणाला, “माझ्या म्हाताऱ्या आईला सांभाळा हो!” आणि गाडी त्याच्या पायाखालून निघाली. डॉर्कसचे सगळे कागद हातोहात खपले.

डॉर्कस रिकामी टोपली घेऊन परतत होती, तेव्हा वाटेतली एक पाववाली म्हणाली, “आज तुझंच राज्य, डॉर्कस!”

वीस वर्षांत डॉर्कसने शेकडो माणसं जाताना पाहिली होती. डोळ्यांत एकदाही पाणी आलं नव्हतं. त्या पोरीला पहिल्याच उन्हाळ्यात आलं. निखारा विझला नव्हताच, उलट अजून खोल उतरला होता.