कोपऱ्यातली तुळई

"आणखी दोन!" खालून इंजिनिअरबाईंनी हाक दिली, आणि वर नृत्यवर्गाच्या मधोमध वाळूच्या आणखी दोन गोण्या धपकन पडल्या. खाली रंगमंचावर सुतारकाका छताला लावलेल्या मापकाकडे बघत उभे होते. काटा केसभर हलला आणि थांबला.

"पास," बाई म्हणाल्या. "लाकूड जुनं असलं तरी खणखणीत आहे."

कलाकेंद्राच्या समितीने टाळ्या वाजवल्या. सुतारकाकांनी मात्र कोपऱ्याकडे बघितलं.

ही इमारत आधी धान्याचं गोदाम होती, मग नाटकवाल्यांनी घेतली. आता बिल्डरला ती पाडून तिथे दुकानं काढायची होती. काकांची मुलगी वरच्या मजल्यावर नाच शिकवायची. तिने दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून शेवटी एवढंच कबूल करून घेतलं होतं की जुन्या तुळया भार पेलत असतील तर दुरुस्ती, नाहीतर पाडापाडी. आजची चाचणी त्यासाठीच होती.

पण चाचणी मधोमध झाली. कोपऱ्यातल्या तुळईला कोणी विचारलंच नाही. तीस वर्षांपूर्वी एका नाटकात राणीला आकाशातून खाली उतरवायचं होतं. दोर ओढायचं चाक बसेना, म्हणून काकांनी ती तुळई निम्म्याहून जास्त कापली, खालून फळी ठोकली आणि रंग फासला. राणी झोकात उतरली. काकांचं इतकं कौतुक झालं की कापल्याचं सांगायचं राहूनच गेलं. नंतर सांगायची लाज वाटू लागली, आणि मुलगी वर शिकवू लागल्यावर भीती. वर्ग भरला की ते रंगमंचावर नाही नाही ती कामं उकरून काढत आणि कोपऱ्यात धूळ पडते का ते बघत बसत. वर चाळीस मुलं एका तालात पाय आपटायची आणि खाली या पट्टीच्या कारागिराचा खिळा वाकडा जायचा.

"काका, तुम्ही तर इथे जन्म काढलात. साक्षीदार म्हणून सही करा," बाईंनी कागद पुढे केला.

काकांनी पेन घेतलं. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. ती आनंदाने रडत असेल असं त्यांना वाटलं होतं, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"करा ना, बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "त्या कोपऱ्याचं मी बघते."

"कुठल्या कोपऱ्याचं?"

"मी मुलांना तिथे उभंच करत नाही. पहिल्याच वर्षी माझ्या पायाला कळलं होतं. रिकामं कपाट आडवं लावून ठेवलंय."

इतकी वर्षं काका खाली घाबरत होते आणि वर ही. रोज एकत्र जेवायला बसायचे, पण दोघांनीही चकार शब्द काढला नव्हता.

"आणि तू नसलीस तर?" त्यांनी विचारलं. "दुसरी कोणी शिकवायला आली, तिने कपाट हलवलं तर?"

"पाडतील, बाबा. सगळं पाडतील."

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, कोपऱ्यातली तुळई मी कापलेली आहे. तीस वर्षं झाली."

समितीतलं कोणीतरी हसलं. काका थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं असावं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आधी वर गोण्या टाकणाऱ्या हमालांना खाली बोलावलं, मग कागद फायलीत परत ठेवला.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मुलगी वळून निघून गेली. आता ती आपलं तोंडही बघणार नाही, असं काकांना वाटलं. पण ती पडद्यामागची शिडी घेऊन आली, कोपऱ्यात लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"सावकाश चढा," ती म्हणाली.

शिडी थरथरत होती. काकांनी अजून पहिल्या पायरीवरही पाय ठेवला नव्हता.