बारापैकी पाच फुल्या

उंच माणसाकडे लोक दोनच वेळा येतात. माळ्यावरचं काही काढायचं असलं की, आणि बास्केटबॉलचा विषय निघाला की. ग्रंथपालांची उंची सहा फूट दोन इंच. पहिलं काम त्यांनी आयुष्यभर बिनतक्रार केलं होतं. दुसऱ्यातली त्यांची कामगिरी थोडक्यात सांगता येण्यासारखी होती: कॉलेजात असताना तीन आठवडे संघात, त्यातले अडीच आठवडे बाकावर, आणि उरलेल्या वेळात एक बास्केट. तेही आपल्याच बाजूच्या रिंगमध्ये. समोरच्या संघातल्या एकाने तेव्हा येऊन त्यांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली होती. खेळातली त्यांना मिळालेली शाबासकी तेवढीच.

तर अशा माणसाला एका सोमवारी प्राचार्यबाईंनी बोलावून घेतलं. खेळाचे सर खाली पडलेला मोजा उचलायला वाकले होते, ते वाकलेलेच राहिले होते. डॉक्टरांनी तीन आठवडे फळीवर झोपायला सांगितलं होतं, आणि मुलींच्या संघाचा उपांत्य सामना शुक्रवारी होता.

"मॅडम, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"कळायचंय कुणाला? नुसतं बसायचंय. बाकावर कॉलेजचं कुणीतरी मोठं माणूस लागतं, असा नियम आहे. आणि तुम्ही बसलात तरी समोरच्यांना वाटेल, हा कुणीतरी आहे."

ग्रंथपालांनी मान डोलावली. पण 'हा कुणीतरी आहे' हे शब्द त्यांना लागले. म्हणजे गोड लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी खेळांच्या कपाटातून बास्केटबॉलवरची पाचही पुस्तकं काढली होती. ती कुणी शेवटची नेल्याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. मंगळवारी रात्री जेवताना त्यांनी वाटी, पेला आणि मिठाची डबी मांडून बायकोला बचावाची रचना समजावली. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायला लावणारी बाई, पण तिनेही शेवटी हात जोडले. "तू उद्या मुलींसमोर जास्त बोलू नकोस," ती म्हणाली. "उंटावरचा शहाणा म्हणतील. आणि तुझ्या बाबतीत उंट वेगळा आणावाही लागणार नाही."

खेळाच्या सरांनी फळीवरून फोन करून एकच मंत्र दिला होता: "चेंडू शिडीला द्या. बाकी सगळं आपोआप होतं." शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. पंधरा नंबरचा बनियन, प्रत्येक सामन्यात तीसच्या आसपास गुण. बाकीच्या अकरा जणी तिच्यापर्यंत चेंडू पोचवायच्या आणि मग बघत उभ्या राहायच्या. सराव संपल्यावर ग्रंथपालांनी घसा खाकरून हा मंत्र संघाला ऐकवला तेव्हा कप्तान, जिला सगळे भिंगरी म्हणत, अतिशय अदबीने म्हणाली, "हो सर. ते आम्हाला दोन वर्षं माहितीये."

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये पाय ठेवला आणि ग्रंथपालांची पाचही पुस्तकं त्यांच्या डोक्यातून उतरून गेली. लाकडी जमिनीवर बुटांचा चीं-चीं आवाज, पॉलिशचा आणि घामाचा वास, आणि चेंडू आपटायचा तो धबधब आवाज, जो थेट पोटात जात होता. समोरचा संघ सराव करत होता. गेल्या वर्षीच्या विजेत्या. त्यांचे प्रशिक्षक एक बुटके, गोल गृहस्थ होते. त्यांनी वर मान करून ग्रंथपालांकडे पाहिलं आणि आदराने नमस्कार केला. ग्रंथपालांना वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

गुणलेखकाच्या टेबलावर त्यांच्यापुढे कागद आला. बारा मुलींची नावं, चार ते पंधरा नंबर, पुढे रिकामे चौकोन. आता ग्रंथपाल म्हणजे आयुष्यभर नोंदवह्या भरलेला माणूस. चौकोन दिसला की त्यांचा हात थांबत नसे. कोण कोण हजर आहे याच्या खुणा करायच्या, असं समजून त्यांनी बाकाकडे बघत, चेहरा पडताळत, ठळक फुल्या मारायला सुरुवात केली. चार नंबर, हजर. पाच, हजर. सहा, सात, आठ. आठवर फुली पडताच गुणलेखकाने कागद ओढून घेतला.

"झाले पाच. सही करा."

"अहो, अजून सात जणी आहेत."

"असू देत की. सुरुवातीच्या पाच झाल्या ना? करा सही."

ग्रंथपालांनी सही केली. आपण काय केलंय हे त्यांना कळलं, तेव्हा पंच शिट्टी तोंडात धरून मैदानाच्या मधोमध उभा होता आणि घोषणा होऊन गेली होती. नंबर चार ही मुलगी, जिला कुणी मौनीशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारत नसे, स्वतःकडे बोट दाखवून "मी?" असं नुसत्या ओठांनी विचारत होती. दोन वर्षांत तिला दोन मिनिटांपेक्षा जास्त कुणी खेळवलं नव्हतं. ग्रंथालयात ती रोज मासिकांच्या खिडकीजवळ बसायची, एवढीच ग्रंथपालांची तिच्याशी ओळख.

आणि शिडी, सामन्याला तीस गुणांची शिडी, बाकावर त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. दवाखान्यात शेजारच्या पेशंटकडे बघतात तसं ती बघत होती.

"सर, हे मुद्दाम आहे का?"

ग्रंथपालांना खोटं बोलायची इच्छा झाली, पण वेळ मिळाला नाही. "नाही गं. मी हजेरी घेत होतो."

शिडीने ओठ घट्ट मिटले. तिचे खांदे मात्र हलायला लागले.

चेंडू उडाला, खेळ सुरू झाला, आणि ग्रंथपालांच्या अंगात चूक दुरुस्त करण्याचं वारं शिरलं. खेळाडू बदलायचा तर त्या मुलीने स्वतः टेबलापाशी जाऊन सांगायचं असतं. हे पुस्तकात होतं, पण तिसऱ्या. ते चौथ्यापासून वाचायला लागले होते, कारण त्यात चित्रं होती. त्यामुळे ते हात वर करून "एक मिनिट, एक मिनिट हं" म्हणत सरळ मैदानात शिरले. ग्रंथालयात या वाक्याने माणसं थांबतात. इथे एक चेंडू त्यांच्या कानाजवळून गेला, पंचाने जोरात शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात एकावर एक धरून इंग्रजी टी केला. ग्रंथपालांना वाटलं, विश्रांती हवी का म्हणून विचारतोय. ते म्हणाले, "हो, हो. आभारी आहे."

तो दंड होता. समोरच्यांना एक फुकटची फेक आणि एक गुण मिळाला. खेळाडू बदलायचा तर तिलाच टेबलापाशी पाठवा, असं पंचाने बजावलं. ग्रंथपाल मान खाली घालून परतले. प्रेक्षकांत बसलेल्या बायकोकडे त्यांनी चुकूनही पाहिलं नाही. तिने तोंडावर रुमाल धरला असणार, हे त्यांना न बघताही ठाऊक होतं.

"शिडी, जा बाई तू टेबलापाशी," ते खाली बसत म्हणाले. "माझी शोभा झाली तेवढी पुरे."

पण शिडी उठली नाही. गुडघ्यांवर कोपरं टेकून ती समोर बघत होती.

"थांबा सर. आत्ता नको. बघा ना त्यांच्याकडे."

ग्रंथपालांनी बघितलं. त्यांना दहा पळणाऱ्या मुली दिसल्या.

"त्या नुसत्या मला शोधतायत," शिडी म्हणाली. "आठवडाभर मला अडवायचीच तयारी केलीय त्यांनी. पाच नंबरवाली आणि नऊ नंबरवाली, दोघी माझ्यासाठी. आता कुणाला अडवायचं तेच कळत नाहीये."

खरंच तसं होतं. भिंगरीने सवयीने चेंडू उचलला, जिथे शिडी असायची तिथे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. क्षणभर ती गोंधळली. मग नाइलाजाने तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या मौनीकडे चेंडू टाकला. मौनीच्या अंगावर कुणीच नव्हतं. तिने चेंडू धरला, पाहिलं आणि फेकला. रिंगला स्पर्शही न करता तो जाळीतून गेला. हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. सगळ्यांना वाटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दोन मिनिटांनी तिने तसाच दुसरा टाकला, आणि तिसरा. त्यानंतर मात्र छप्पर उडायची वेळ आली.

"ही असं टाकते?" ग्रंथपालांनी विचारलं.

"सरावात रोज टाकते," शिडी म्हणाली. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "पण सामन्यात आम्ही तिच्याकडे चेंडू देतच नाही ना."

पहिला डाव संपला तेव्हा संघ सात गुणांनी पुढे होता. मुली धापा टाकत बाकाभोवती जमल्या आणि बाराही चेहरे ग्रंथपालांकडे वळले. त्यांनी खिशातला कागद काढला. त्यावर बाण होते. वाटी, पेला आणि मिठाची डबी यांचे बाण. त्यांनी तो पुन्हा खिशात ठेवला.

"शिडी सांगेल," ते म्हणाले.

शिडीने सांगितलं. नऊ नंबरवाली दर वेळी डावीकडेच वळते. त्यांची उंच मुलगी उडी मारून झाली की दोन सेकंद जागची हलत नाही. आठ नंबर दमलीय, तिला बाहेर घ्या, दहाला टाका. ती बोलत होती आणि ग्रंथपाल शेजारी उभं राहून दर वाक्याला गंभीरपणे मान हलवत होते. पलीकडच्या बाकावरून ते बुटके प्रशिक्षक त्यांच्याकडे टक लावून बघत होते. हा माणूस खेळाडूंकडूनच वदवून घेतो, केवढा अनुभवी असेल, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या डावात शिडी उतरली. लगेच दोघी तिला चिकटल्या. पण ज्या गोष्टीला आधी कधी अर्थ नव्हता तिला आता आला होता: दोघी तिच्यापाशी, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी मोकळी. शिडीने चेंडू घेतला, वर धरला, आणि फेकायच्या ऐवजी खाली भिंगरीकडे सोडला. भिंगरी माणसांच्या जंगलातून वाकून निघाली आणि चेंडू आत घालून परत आली. पुढच्या वेळी सहा नंबर. मग अकरा. रिंगवरून परतणारे चेंडू शिडी झाडावरचे आंबे उतरवावेत तसे उतरवत होती आणि वाटून टाकत होती.

तिसऱ्या डावात समोरच्यांनी जोर केला. बारा गुणांची आघाडी तीनवर आली. पाच पुस्तकांतलं एक वाक्य आठवावं म्हणून ग्रंथपालांनी डोळे मिटले. त्यांना फक्त तिसऱ्या पुस्तकाची फाटकी बांधणी आठवली. डोळे उघडले तर भिंगरी त्यांच्यासमोर उभी.

"सर, विश्रांती मागा."

"हाताने टी करू?"

"नको!" चार जणी एकदम ओरडल्या. "तुम्ही फक्त टेबलवाल्यांना सांगा."

त्यांनी सांगितलं. दिवसभरात नियमाला धरून केलेलं त्यांचं हे पहिलं काम. त्या एका मिनिटात मुली एकमेकींशी बोलल्या, पाणी प्यायल्या, आणि मौनी, जिचा आवाज ग्रंथपालांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता, म्हणाली, "मला अजून दे. मी थकले नाहीये." भिंगरीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू दिवाणखान्यातलं कपाट बोललं होतं.

शेवटचा डाव ग्रंथपालांना नीट आठवत नाही, कारण तो त्यांनी बहुतेक उभ्याने आणि मागच्या प्रेक्षकांच्या शिव्या खात पाहिला. "ओ उंच साहेब, खाली बसा!" तीन मिनिटं उरली असताना आघाडी चौदाची झाली होती. तेव्हा भिंगरीने येऊन सांगितलं की सुरुवातीपासून बाकावर बसलेल्या तिघी अजून उतरल्याच नाहीत. ग्रंथपालांनी त्यांना उतरवलं. त्यातली शेवटची, तेरा नंबर, हिने शिट्टी वाजायच्या जरा आधी घाबरून डोळे मिटून चेंडू फेकला आणि तो गेला.

एक्काहत्तर विरुद्ध अठ्ठावन्न. बाराच्या बारा जणींच्या नावापुढे गुण. मौनी चौदा, भिंगरी अकरा, आणि शिडीचे फक्त नऊ. शिडीचे इतके कमी गुण कधीच झाले नव्हते. ती मैदानातल्या लाकडावर सपशेल आडवी पडून हसत होती.

"सर," ती पडल्या पडल्याच म्हणाली, "बाकावर बसून मी आपला संघ आज पहिल्यांदा पाहिला. इतका बरा आहे, मला माहीतच नव्हतं."

ग्रंथपालांना काहीतरी शहाण्यासारखं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "ऊठ गं, जमीन गार आहे."

दारात एका वर्तमानपत्राचा बातमीदार भेटला. त्याने विचारलं, मुख्य खेळाडूला बाहेर ठेवण्याचा धाडसी डाव कसा सुचला? ग्रंथपालांनी हजेरीपासून टीपर्यंत सगळं खरं खरं सांगितलं. बातमीदार वहीत लिहीत होता आणि कौतुकाने हसत होता. बायकोने बाहेर आल्यावर सांगितलं, "तो तुझं काही खरं मानणार नाही. उद्या छापेल, विनम्र प्रशिक्षकांची चाणाक्ष चाल." तसंच छापून आलं. विनम्रच्या जागी 'मितभाषी' होतं, एवढाच फरक.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी ग्रंथपाल गुणपत्रिकेची प्रत घेऊन खेळाच्या सरांकडे गेले. सर फळीवर उताणे पडले होते. त्यांनी कागद चेहऱ्यासमोर धरला आणि बोट फिरवत एकेक आकडा वाचला. मौनीच्या नावापाशी बोट थांबलं.

"चौदा? ही?"

"हो."

सरांनी कागद छातीवर ठेवला. "दोन वर्षं बसवून ठेवली हो मी तिला," ते म्हणाले. "आणि स्वतःला काय समजत होतो."

यावर ग्रंथपालांनी त्यांना सगळी हकीगत, अगदी नऊ नंबरवालीच्या डावीकडे वळण्यासकट, सांगितली. आधी फुल्यांची गोष्ट. मग मैदानात शिरल्याची. 'आभारी आहे'पाशी पोचले तेव्हा सर हसायला लागले, आणि पाठीत कळ आली तसे कळवळून म्हणाले, "थांबा, थांबा, मारता का मला." जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरं, ती नऊ नंबरवाली डावीकडे वळते म्हणालात, ते कसं? चेंडू आपटत नेताना, की पास घेतल्यावर?"

ग्रंथपालांनी खिशातला बाणांचा कागद चाचपला.

"म्हणजे कोणत्या पायावर वळते?"

"मला काही कल्पना नाही," ग्रंथपाल म्हणाले. "शिडीला माहीत आहे."

"मग लावा की तिला फोन."

फोन लागला. ग्रंथपालांनी तो सरांच्या छातीवर ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली. पलीकडून शिडी जेवता जेवताच बोलायला लागली. कोण कुठे उभं राहिलं, कुणी कुणाला कसं सोडलं, मौनीने हाताने काय खूण केली. सरांनी उशाखालची पेन्सिल काढून गुणपत्रिकेच्या मागे लिहायला घेतलं, आणि दोन मोठी माणसं अर्धा तास एका मुलीचं, मधे न बोलता, ऐकत राहिली.