जुन्या आवृत्तीचा माणूस

ऑफिसात त्याला सगळे ठिगळ्या म्हणत आणि त्याला ते आवडायचं, हेच त्याचं दुर्दैव. हॉस्पिटलच्या तळघरात औषधं मोजून देणारं एक यंत्र होतं. त्या यंत्राला प्रोग्रामिंगची भाषा कळायची, पण मागच्या जमान्यातली आवृत्ती. वरच्या मजल्यावरची तरुण मंडळी नव्या आवृत्तीत ऐटीत प्रोग्राम लिहीत आणि खाली ढकलून मोकळी होत. ते जुन्या यंत्राच्या घशाखाली उतरवायचं काम ठिगळ्याचं. भाषेत आलेली प्रत्येक नवी सोय तो जुनीत कशीबशी बसवायचा. यंत्र कुरकुरत का होईना चालायचं, आणि ते चालतंय म्हणून नवं कोणी घेत नव्हतं.

बायकोची बदली होऊन दोन वर्षं झाली होती. ती मुलीला घेऊन दुसऱ्या गावी गेली आणि हा ‘नवं यंत्र आलं की येतोच’ म्हणत मागे राहिला. नव्या यंत्राबरोबर ते सांभाळणारी कंपनीची माणसं येणार, म्हणजे याची सुटका. आपल्याच हाताने आपण दाराला कडी घालतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण कळून उपयोग काय! काही अडलेलं दिसलं की याचे हात शिवशिवायला लागत.

या खेपेला मात्र सुटकेची चिन्हं होती. नव्या आवृत्तीत एक छोटीशी खूण आली होती. डॉक्टरांनी डोस लिहिला असेल तर तो घ्यायचा, जागा रिकामी असेल तर नेहमीचा द्यायचा, एवढं सगळं त्या एका खुणेत. जुन्या आवृत्तीत ती खूण नव्हती, म्हणून ठिगळ्याने तिथला साधा ‘किंवा’ वापरून काम भागवलं. चाचणीच्या सकाळी त्याला चूक दिसली. त्या ‘किंवा’ला शून्य आणि रिकामी जागा यांतला फरकच कळत नव्हता. डॉक्टरांनी शून्य लिहिलं, म्हणजे औषध बंद करा म्हणून सांगितलं, तरी यंत्र आपलं नेहमीच्या गोळ्या मोजून देणार.

त्याने चाचणी तिथेच थांबवली आणि विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. “बाप रे! मग आता?”

ठिगळ्या मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागला.

“हे बघ, जुन्यावर होणार नसेल तर स्पष्ट सांग. आजच वर कळवते आणि नवं यंत्र मागवून घेते. होईल का?”

नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. कोणी तपासणारंही नव्हतं, कारण ती जुनी आवृत्ती समजणारा दुसरा माणूस त्या इमारतीत उरला नव्हता. मुलीची शाळा त्याच्या डोळ्यांपुढे आली. ती त्याने फक्त फोटोत पाहिली होती. आणि नेमकं त्याच वेळी मेलं उत्तरही सुचलं. ‘किंवा’ काढून टाकायचा आणि दर ठिकाणी आधी विचारायचं, जागा रिकामी आहे का? मग शून्य शून्यच राहील. किती सोपं!

“होईल की,” तो म्हणाला. वर पुन्हा, “त्यात काय!”

मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच फोन उचलला आणि नव्या यंत्राचा विषय आता काढायलाच नको, असं वर सांगून टाकलं. “आमचा माणूस आहे ना इथे!” त्या कौतुकाने म्हणाल्या. ठिगळ्या कसनुसा हसला.

जिन्यात येऊन त्याने बायकोला फोन लावला. तिच्यापासून काही लपवायचं त्याला जमत नसे.

“‘नाही होणार’ एवढंच म्हणायचं होतंस,” ती म्हणाली.

“तोंडातून निघेना गं. खोटं झालं असतं.”

“मला बरं म्हणता येतं! दर सुट्टीला म्हणतोस. या वेळी नाही जमणार, या वेळी नाही जमणार.”

स्वतःचाच इतका राग आला की त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात वरून मॅडमची हाक आली.

“आलो, आलो!” तो घाईघाईने म्हणाला.

फोनवरून बायकोने हळूच विचारलं, “हे मला नाही म्हणालास ना?”