दाट पेरलेले पऱ्हे

सून दारव्ह्याकडची, कापसाच्या मुलखातली. धान तिनं ताटातच पाहिलेलं, तेही शिजल्यावर. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात मी तिला बोडीखालची बांधी दाखवली. म्हटलं, "भावना, यंदा ही तुझी. हिच्यातलं धान तू पिकवायचं." तिनं लगेच वही काढली.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. बोडी म्हणजे आपलं लहानसं तळं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. धुरा म्हणजे बांध. त्याच्यावरून चालायचं, त्याच्यावर तूर लावायची आणि त्याच्यावरूनच शेजाऱ्याशी भांडायचं. पऱ्हे म्हणजे एका कोपऱ्यात दाट पेरलेली धानाची रोपं. एवढं सांगून मी दोन दिवस बहिणीकडे साकोलीला गेले.

परत आले तर धुऱ्यावर शेजारचा धनीराम उभा. कुणाचं काही बिघडलं की हा वेळेवर हजर असतो.

"काकू, सुनेनं पऱ्हे उपटले. आता त्या बांधीत बदकं पाळा."

खरंच, अर्धा कोपरा उघडा पडला होता. भावना चिखलाच्या हातांनी उभी.

"काहून उपटले वं?"

"लय दाटी झाली होती, आई. आमच्याकडे ज्वारी अशी उगवली का विरळणी करतात. मले वाटलं, तुम्ही विसरल्या."

विसरले होतेच, पण दुसरंच. पऱ्हे उपटण्यासाठीच पेरतात. वीतभर झाले की उपटायचे आणि बांधीतल्या चिखलात रोवायचे, ती रोवणी. हे सांगायचंच राहिलं. जन्मभर केलेलं काम सांगावंही लागतं, हे कुठं सुचतं? आता अर्धे पऱ्हे गेले म्हणजे तिची पहिलीच बांधी रिकामी राहणार, आणि धनीराम ते पोळ्यापर्यंत गावभर सांगणार.

"उपटलेले कुठं फेकले?"

"फेकले नाही. हिरवं फेकवत नाही मले. बकऱ्यांसाठी बोडीच्या पाण्यात मुळं बुडवून ठेवले."

"कधी?"

"आज सकाळी."

मी धुऱ्यावर बसलेच. "पोरी, तू तर अर्धी रोवणी करून बसली."

रोवणीच्या बाया पुढल्या आठवड्यात येणार होत्या. पऱ्हे तोवर टिकले नसते. नशीब, त्या बांधीत चिखल झालेला होता. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा अश्विन वरठीच्या कारखान्यातून सुट्टी घेऊन थांबला. आम्ही तिघं वाकलो. धनीराम मजा पाहायला आला, तर त्याच्या हातातही पऱ्ह्यांची एक पेंडी दिली. रोवताना मागं मागं सरकायचं असतं. भावना सरकत होती, पण तिरपी.

"वहिनी, ही ओळ कुठं चालली?" धनीराम म्हणाला.

"दारव्ह्याले," ती मान वर न करता म्हणाली.

दिवस मावळायच्या आत शेवटची पेंडी संपली. पुढले पाच दिवस बांधी पिवळी पडून राहिली. भावना रोज सकाळी जाऊन पाहायची आणि चहा न घेता बसायची. सहाव्या दिवशी धावतच आली.

"आई, हिरवे झाले. वाकड्या ओळीतले पण."

मग वही उघडून समोर बसली. "आता पुढचं काय?"

"निंदण. धानातलं गवत उपटायचं."

"दिसते कसं ते गवत?"

"धानासारखंच."

तिनं पेन खाली ठेवलं. मी साकोलीला फोन लावला. बहिणीला सांगितलं, निंदण होईपर्यंत काही माझं येणं होत नाही.