बाबांचा आवाज पाठवताना

बाबा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. यंत्र नीट चालतंय का, हे पाहायला त्यात स्वतःच काहीतरी बोलून ठेवायचे. ते गेल्यावर आईला अशा बेचाळीस कॅसेटी सापडल्या. गल्लीतल्या फोटोग्राफरकडून तिने त्या संगणकावर उतरवून घेतल्या.

मुलगी दूरच्या शहरात प्रोग्रामर होती. ऐकायला तिचा जीव नुसता आसुसला होता; पण आईकडच्या नेटने नाकी नऊ आणले होते. साइटवर फाईल चढवायला घेतली की नव्वद टक्क्यांवर नेट जायचं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यात आईला माऊस जमेना. “तो उंदीर माझ्या हातात थांबतच नाही गं!”

मात्र आईने कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलं होतं. मुलीने तिच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर ‘पाठव’ लिहायचं, पुढे फाईलचा नंबर, आणि एंटर. प्रोग्राम फाईलचे तुकडे करून एकेक पाठवायचा. नेट तुटलं, तर जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू करायचा.

पहिल्याच दिवशी आईचा फोन. “अगं, इंग्रजीत कसला तरी आकडा दाखवून ओरडतोय माझ्यावर.”

मुलीने सगळे संदेश मराठीत केले. संध्याकाळी आई म्हणाली, “आता म्हणतोय, ‘नेट गेलंय, काळजी नको, मी थांबलोय.’ हा ‘मी’ कोण?”

“प्रोग्राम, आई.”

“बरा बोलतो. तुझ्यापेक्षा गोड.”

मग रोज एक फाईल येऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत मुलगी कानाला हेडफोन लावून बसायची. “हॅलो, एक, दोन, तीन. आज डावा स्पीकर रुसलाय.” एका फाईलमध्ये मागून कुणी लहान मुलगी विचारत होती, “बाबा, आत कोण बसलंय?” तो स्वतःचाच आवाज आहे हे कळायला तिला वेळ लागला. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

एकेचाळीस आल्या आणि थांबल्या. आठवडा गेला. तिने सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या. पाठवण्याचा प्रयत्नसुद्धा झाला नव्हता.

“आई, बेचाळिसावी राहिली का?”

“राहिली नाही. ठेवलीय. ती ह्यांनी माझ्यासाठी केलीय, शेवटच्या महिन्यात.”

प्रोग्राम तिचाच होता. एका ओळीची भर घातली, तर आईने संगणक उघडताच फाईल आपोआप आली असती. तिने ती ओळ लिहिलीही. मग खोडली आणि रजेचा अर्ज केला.

घरी गेल्यावर तिने विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आईनेच टेपरेकॉर्डर टेबलावर आणला, कॅसेट लावली.

“ऐकतेस ना?” बाबांचा थकलेला आवाज. “बोलायचं बरंच होतं, पण दम लागतो. मी आपला काम करत बसतो. तू बस इथेच.”

पुढे शब्द नव्हते. स्क्रू फिरवल्याचा आवाज, खुर्चीची कुरकुर, मधेच खोकला.

“अर्धा तास असंच आहे,” आई म्हणाली. “ही पाठवून काय कळणार होतं तुला? असं वाटलं मला.”

खुर्ची ओढून मुलगी आईच्या शेजारी सरकली. कॅसेट संपेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.